गाडीतला संसार आणि बॅटरीचा जमा-खर्च

रात्रीचे दोन वाजून गेले होते. 'पीं... पीं... पीं...' असा बारीक आवाज सुरू झाला आणि मी दचकून जागी झाले. हा आवाज तुमच्याही ओळखीचा असेल. भारनियमनाच्या दिवसांत वीज जाऊन तीन-चार तास झाले, की घरातला इन्व्हर्टर असाच विव्हळायला लागायचा आणि मग आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, तो पंखा तरी बंद करा कुणीतरी!" अर्धवट झोपेत मला क्षणभर वाटलेही, की आपण नाशिकच्या घरीच आहोत.

पण आम्ही होतो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, माउंट कुक या ३,७२४ मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्याशी, व्हाइट हॉर्स हिल नावाच्या तळावर. एप्रिल महिना होता. आपल्याकडे तेव्हा उन्हाच्या झळा लागत असतात, तिकडे मात्र हिवाळा दारात येऊन उभा असतो. माझी मोठी बहीण आणि तिचे यजमान ख्राइस्टचर्चला राहतात. त्यांनी एक जुनी मोटरहोम विकत घेतली आहे. चालकाच्या मागे पाच जणांच्या झोपण्याची सोय, दोन शेगड्यांचा गॅस, भांडी घासायला छोटेसे बेसिन, एवढासा फ्रिज आणि कपाटाएवढे शौचालय. थोडक्यात, चाकांवरचे बिऱ्हाड. आई, बाबा आणि मी महिनाभरासाठी तिकडे गेलो होतो आणि ताई-दाजींनी आम्हाला या बिऱ्हाडात घालून फिरायला नेले होते.

त्या तळावर पाणी मिळते, शौचालये आहेत, पण गाडीला जोडायला वीज नाही. जी काही वीज वापरायची ती गाडीतल्या बॅटरीतून. पहिल्या दिवशी आईने मोठ्या हौसेने भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर खोचला, तर ढिम्म! दाजी हसून म्हणाले, "आई, त्या खोबणी नुसत्या शोभेच्या आहेत. बाहेरून केबल जोडली तरच त्यांत वीज येते." मोटरहोम भाड्याने घेणारे बहुतेक नवखे लोक इथेच फसतात. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा १२ व्होल्टवर, बॅटरीवर चालतात. भिंतीवरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटचा आणि बॅटरीचा काही संबंध नसतो. संबंध जोडायचा असेल तर मध्ये इन्व्हर्टर लागतो. दाजींनी तो बसवून घेतला होता आणि तोसुद्धा ऐसपैस, २,००० वॉटचा. लाल बटण दाबले, की त्याच्या पोटावरच्या सॉकेटमध्ये घरच्यासारखी वीज हजर.

त्या इन्व्हर्टरवर दोन वस्तू चालत होत्या. एक माझा लॅपटॉप आणि दुसरे बाबांचे यंत्र.

बाबांना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आहे. डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. घोरता घोरता श्वास थांबतो, काही सेकंद तसेच जातात आणि मग माणूस हबकून पुन्हा श्वास घेतो. रात्रभरात असे कितीतरी वेळा होते. त्यासाठी ते नाकावर मुखवटा लावून झोपतात आणि उशाशी ठेवलेले सीपॅप नावाचे छोटे यंत्र दाबाने हवा आत सोडत राहते. गेली चार वर्षे त्या यंत्राची मंद घरघर म्हणजे आमच्या घरी 'सगळे ठीक आहे' याची खूण.

पिंपिणे थांबले आणि त्यापाठोपाठ ती घरघरही थांबली. तेव्हा मी पूर्ण जागी झाले.

दाजी विजेरी घेऊन उठले. इन्व्हर्टर बंद पडला होता. हीटरही गार. दिवा लावला तर तो निखाऱ्यासारखा तांबूस पेटला. बाबा मुखवटा हातात घेऊन शांतपणे बसले होते. दाजी गडबडीने चालकाच्या जागेकडे निघाले, "इंजिन सुरू करतो, बॅटरी चार्ज होईल." बाबांनी त्यांना हात धरून थांबवले. "जावईबापू, शेजारच्या तंबूत दोन लहान लेकरं झोपली आहेत. रात्री दोन वाजता कसलं इंजिन लावता? डॉक्टरांनी सांगितलंय, एखादी रात्र यंत्र नसलं तरी कुशीवर झोपायचं, उशी उंच घ्यायची."

आईने नाशिकहून आणलेली गोधडी त्यांच्या अंगावर टाकली. थोड्या वेळाने सगळे पुन्हा आडवे झाले. मी मात्र बाबांच्या पायाशी बसून राहिले. घोरणे सुरू झाले आणि मधेच थांबले. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन... अठरापर्यंत आकडे गेले, तेव्हा कुठे त्यांनी मोठा श्वास घेतला. पुन्हा घोरणे, पुन्हा थांबणे, पुन्हा माझे आकडे. असे उजाडेपर्यंत चालले.

त्या रात्री साडेदहापर्यंत मी लॅपटॉपवर या अंकाचा मजकूर लिहीत बसले होते. दिवसभर दरीतल्या पायवाटेवर भटकंती झाली होती, लिहायला रात्रच उरली होती. आदल्या रात्रीही तेच. लॅपटॉपची वायर इन्व्हर्टरला, पडदा लख्ख उजळलेला, जोडीला मोबाइल. माझ्या आठशे शब्दांपायी बाबांची वीज संपली, हे अंधारात बसल्या बसल्या मला कळून चुकले होते. निदान तेव्हा तरी मला तसेच वाटत होते.

बाबांची वही

सकाळी गाडी मात्र पहिल्या झटक्यात सुरू झाली. याचे कारण, अशा गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करायची आणि दुसरी घरातल्या वापराची. गाडी उभी असताना दोन्ही एकमेकींपासून तोडलेल्या राहतात, इंजिन चालू झाले की जोडल्या जातात. म्हणून घरातली बॅटरी ठार झाली तरी माणूस रानात अडकून पडत नाही. तुमच्या-माझ्या साध्या मोटारीत मात्र एकच बॅटरी असते, हे लक्षात असू द्या. इंजिन बंद ठेवून तिच्यावर तास न् तास लॅपटॉप चालवलात, तर धक्का मारायला माणसे शोधावी लागतील.

साठ-पासष्ट किलोमीटरवर ट्वायझेल नावाचे गाव आहे. तिथे आम्ही विजेची सोय असलेल्या तळावर एक रात्र मुक्काम केला. गंमत बघा, हे गावच मुळी १९६८ मध्ये जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी वसवले गेले. आजूबाजूला कालवे, तलाव, जलविद्युत केंद्रे. एवढ्या विजेच्या उशाशी आम्ही तीस वॉटांसाठी रात्रभर तळमळलो होतो!

केबल जोडून झाली, चहा झाला आणि बाबांनी आपली वही काढली. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. निवृत्तीला बारा वर्षे झाली, पण जमा-खर्चाचा मेळ लागल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी दाजींना बोलावले आणि विचारले, "मला एवढंच सांगा, या बॅटरीत मुळात शिल्लक किती असते?"

बॅटरीवर लिहिले होते, १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे १,२०० वॉट-तास. आपल्या वीजबिलावर जे 'युनिट' असते ते १,००० वॉट-तासांचे. म्हणजे एवढी जडशीळ, एका हाताने न उचलणारी बॅटरी काठोकाठ भरली तरी तिच्यात जेमतेम सव्वा युनिट वीज मावते! बाबांना हे खरेच वाटेना. "अहो, सव्वा युनिटचे मी महिन्याला दहा-पंधरा रुपयेही भरत नाही!"

त्यातही मेख अशी, की शिसे आणि आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. वारंवार तळ गाठला की तिचे आयुष्य भराभर कमी होते. म्हणजे हक्काने खर्चायची रक्कम सहाशे वॉट-तास. बाकीची मुदत ठेव समजायची. शिवाय थंडीत बॅटरीची ताकद घटते. पारा शून्याजवळ गेला तर साधारण पाचवा हिस्सा आपोआप कमी धरावा. आणि दाजींची बॅटरी काही नवी नव्हती.

आता खर्चाची बाजू. दाजींच्या हत्यारांच्या पेटीत प्लगमध्ये लावायचा एक छोटा मीटर असतो. कुठल्या वस्तूला किती वॉट लागतात ते तो दाखवतो. आम्ही एकेक वस्तू मोजायला बसलो. लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवर ६५ वॉट लिहिले आहे, पण तो त्याचा वरचा आकडा. लिहिता लिहिता आतली बॅटरीही भरत असताना मीटर सरासरी ४० दाखवत होता. ती भरल्यावर नुसत्या लिखाणाला १५ ते २०. बाबांच्या यंत्राला साधारण ३० वॉट. त्यातली हवा ओलसर आणि गरम करायची सोय चालू केली, की आकडा एकदम वर जायचा; ती आम्ही प्रवासात बंदच ठेवली होती.

मग एका दिवस-रात्रीचा हिशेब असा झाला. बाबांचे यंत्र आठ तास, २४० वॉट-तास. माझा लॅपटॉप तीन तास, १२०. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा मिळून आणखी १२० धरले. फ्रिज गॅसवर होता, त्यामुळे तो यात नाही. एकूण ४८०. छपरावर १०० वॉटचे एक सौर पॅनेल आहे. भर उन्हाळ्यातल्या चांगल्या उन्हात ते दिवसाला चारशे-पाचशे वॉट-तास देऊ शकते. पण एप्रिलमधले ढग आणि चहूबाजूंनी डोंगर. त्या दिवशी शंभर मिळाले असतील तर देवाची कृपा.

बाबांनी बेरीज पुन्हा केली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मेळ लागत नाही. पहिल्या संध्याकाळपासून दुसऱ्या रात्री दोनपर्यंत होतात बत्तीस तास. या खर्चानं बॅटरी निम्म्याखाली जाईल, पण मरणार नाही. कुठंतरी गळती आहे."

चोर सापडला

गळती सापडली ती इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. 'भार नसताना वापर : १५ वॉट.' म्हणजे इन्व्हर्टरला काहीही जोडलेले नसले, तरी नुसते लाल बटण चालू ठेवल्याबद्दल तो तासाला पंधरा वॉट-तास स्वतः खातो. आम्ही ते बटण पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला दाबले आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलेही नाही. रात्री बाबांना लागतो, दिवसा कुणी बंद करायचा? चोवीस तास गुणिले पंधरा, ३६० वॉट-तास. बाबांच्या यंत्राच्या दीडपट आणि माझ्या लॅपटॉपच्या तिप्पट!

४८० चे ८४० झाले. पुढच्या आठ तासांत आणखी चारशेच्या घरात गेले. ढगांतून मिळालेले शंभर वजा करा, तरी खर्च साडेअकराशेवर पोचतो. बाराशेचे नाव लावणारी म्हातारी बॅटरी त्या थंडीत किती टिकणार? ती रात्री दोनपर्यंत टिकली, हेच नवल.

मी सुटकेचा निःश्वास टाकला, तसे बाबा मिस्कीलपणे म्हणाले, "खुश होऊ नकोस. चोर हा डबा आहे खरा, पण लॅपटॉपसाठी पहिल्या दिवशी त्याला चालू कुणी केला?"

पत्रकारितेच्या पदविकेत असले काही शिकवत नाहीत. पण त्या दुपारी मला एक गोष्ट समजली आणि ती मोटरहोमपुरती मुळीच नाही. लॅपटॉपला २३० व्होल्टची गरजच नसते. त्याला लागतात साधारण २० व्होल्ट. आपण मात्र बॅटरीतले १२ व्होल्ट इन्व्हर्टरने २३० वर चढवतो आणि मग लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर ते पुन्हा २० वर उतरवतो. तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जायचे, तर आधी विसाव्या मजल्यावर चढून मग खाली येण्यासारखा हा प्रकार. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा थोडी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. शिवाय मोठा इन्व्हर्टर जागा ठेवण्याचा दंड वेगळा.

मग सरळ जिना कोणता? ज्या लॅपटॉपचा चार्जर यूएसबी-सी प्रकारचा आहे, म्हणजे नव्या मोबाइलसारखी चपटी, लंबगोल पिन, त्यांच्यासाठी गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारे चार्जर मिळतात. पूर्वी जिथे सिगारेट पेटवायचे लायटर असायचे तीच ही गोल खोबण. चार्जर घेताना त्यावर 'पीडी' असे लिहिलेले आहे ना आणि एकाच तोंडातून ६५ वॉट मिळतात ना, हे बघून घ्या. काही चार्जरवर मोठा आकडा असतो, पण तो दोन-तीन तोंडांत वाटलेला निघतो. केबलही तेवढा भार सोसणारी हवी. मोबाइलचा साधा कार चार्जर लावून 'लॅपटॉप चार्जच होत नाही' म्हणून चडफडू नका. दहा-पंधरा वॉटांत लॅपटॉपचे भागत नाही. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचे केले आहे, त्यामुळे हा प्रश्न पुढे सोपा होत जाईल.

तुमचा लॅपटॉप जुन्या गोल पिनेचा असेल तर त्याच्यासाठीही १२ व्होल्टवर चालणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात. मात्र लॅपटॉपच्या पाठीवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचूनच घ्या. १९ चा लॅपटॉप आणि भलत्याच व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर अशी सोयरीक जुळवायला गेलात, तर लॅपटॉप कायमचा जाऊ शकतो. पिन बसली म्हणजे सगळे जमले, असे नसते.

६५ वॉट म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर. गाडीतल्या अशा सॉकेटला बहुधा दहा किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो, त्यामुळे एका लॅपटॉपला ते सहज पुरते. पण सॉकेट ढिले असेल आणि हात लावल्यावर प्लग चटका देण्याइतका तापत असेल, तर तो वापरू नका. आणि वायरी जोडायचे काम घरच्या घरी करू नका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक त्याला खेळणे समजतात. पण व्होल्ट कमी, म्हणून तेवढ्याच कामाला अँपिअर जास्त. दाजींचा २,००० वॉटचा इन्व्हर्टर पुऱ्या ताकदीने चालला तर बॅटरीतून दीडशेच्या वर अँपिअर खेचतो. तिथे बारीक वायर असेल तर ती निखारा होते. म्हणून बोटाएवढ्या जाड केबल आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, यात काटकसर चालत नाही.

आईचा चहा

हे सगळे चालू असताना आई विजेच्या किटलीत चहाचे पाणी ठेवत होती. केबल जोडलेली होती, त्यामुळे तिला मुभा होती. बाबांनी तिच्याकडेही मीटर वळवला. एक लिटर गार पाणी उकळायला शंभर वॉट-तासांहून जरा जास्तच खर्च झाले. आई म्हणाली, "म्हणजे माझा एक चहा आणि हिचं रात्रीचं लिखाण सारखंच की!" अगदी तसेच. म्हणून बॅटरीवर असताना उष्णता देणारी कुठलीही वस्तू, मग ती किटली असो, इस्त्री असो की केस वाळवायचे यंत्र, जोडायचीच नाही. चहा गॅसवर. लॅपटॉप त्या मानाने गरीब गाय आहे.

दुसरे असे, की लॅपटॉपच्या पोटात स्वतःची बॅटरी असते, साधारण ५० ते ६० वॉट-तासांची. मग ती गाडी चालत असताना भरून घ्यावी! तेव्हा वीज इंजिनाकडून येते, घरच्या शिलकीला हात लागत नाही. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. गाडी रस्त्याला लागली, की लॅपटॉप, तिघांचे मोबाइल, ताईचा कॅमेरा, सगळे चार्जिंगला. मुक्कामाला पोचलो, की सगळ्यांच्या वायरी बाहेर. रात्री मी लॅपटॉपच्या पोटातल्या विजेवर लिहायचे. पडदा थोडा मंद केला, की तीन तास आरामात निघत. दुपारी ऊन असेल तर तेव्हाही चार्जिंगला मुभा होती, कारण सौर पॅनेलची वीज तेव्हा येत असते. फक्त दिवे लागल्यावर कुणी वायर खोचायची नाही.

मात्र तासभर गाडी चालवली की बॅटरी भरली, या भ्रमात राहू नका. शिसे-आम्लाची बॅटरी सुरुवातीला भराभर पिते आणि शेवटचा पाचवा हिस्सा मात्र रेंगाळत, कित्येक तास घेऊन भरतो. ट्वायझेलला तासाभराच्या प्रवासानंतर तपासले तेव्हा ती जेमतेम शुद्धीवर आली होती. रात्रभर केबलवर ठेवली तेव्हा कुठे भरली. लिथियम फॉस्फेटच्या नव्या बॅटऱ्या यात खूप सरस आहेत. वजनाने निम्म्या आणि ऐंशी-नव्वद टक्के वीज बिनधास्त वापरता येते. किंमत मात्र चांगलीच जास्त आणि गोठणबिंदूखाली त्या चार्ज करायच्या नसतात. ताईच्या प्रदेशातल्या हिवाळ्यात ही अडचण किरकोळ नाही.

शिल्लक किती, हे ओळखायला दाजींनी व्होल्ट दाखवणारा एक छोटा डबीसारखा मीटर बसवून घेतला. बॅटरीला थोडा वेळ विश्रांती देऊन, काहीही चालू नसताना बघायचे. १२.७ म्हणजे तुडुंब. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली, की लेखणी म्यान!

बाबांच्या यंत्रासाठीही वेगळी सोय केली. त्या यंत्राला मुळात २४ व्होल्ट लागतात आणि १२ चे २४ करणारे, त्याच यंत्रासाठी बनवलेले अ‍ॅडॉप्टर मिळते. ते आम्ही दोन दिवसांनी ख्राइस्टचर्चला परतल्यावर मागवले. तुमच्या घरी कुणी असे यंत्र वापरत असेल आणि लांबच्या प्रवासाचा बेत असेल, तर हे अ‍ॅडॉप्टर निघण्यापूर्वीच घ्या आणि घरी एक रात्र त्यावर झोपून बघा. हवा ओलसर करायची सोय बंद ठेवणे चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. आम्ही यातले एकच केले होते, दुसरे राहून गेले होते.

आपल्या घरचा डबा

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली मोटरहोम? महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी. तेव्हा असा प्रवास आपल्याकडेही अगदी दुर्मीळ राहिलेला नाही. पण तो विषय बाजूला ठेवा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला इन्व्हर्टर आणि त्याच्याखालची १५० अँपिअर-तासांची बॅटरी, ही जोडी म्हणजे चाके नसलेली मोटरहोमच आहे. वीज गेली की आपण लॅपटॉप, इंटरनेटचा राउटर, पंखे, टीव्ही सगळे तिच्यावर सोडतो आणि वीज लवकर यावी म्हणून प्रार्थना करत बसतो. घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप नेहमी भरलेला ठेवावा आणि वीज जाताच त्याची वायर काढून घ्यावी. राउटर बहुधा १२ व्होल्टवरच चालतो आणि त्याला दहा वॉटच्या आसपास लागतात. त्याच्यासाठी हातभर लांबीचासुद्धा नसलेला, थेट १२ व्होल्ट देणारा छोटा बॅकअप बाजारात मिळतो. मग दुपारी वीज गेली तर केवळ इंटरनेटसाठी मोठा डबा जागा ठेवायला नको.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जाता जाता. न्यूझीलंडमध्ये वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण प्लगच्या पिना चपट्या आणि तिरक्या. जोडपिन इथूनच नेलेली बरी. आणि विमानात सुटी पॉवर बँक सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा चालते, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याहून मोठी नेऊच देत नाहीत.

आता आम्ही परत येऊन बरेच दिवस झाले. ताईने त्या लाल बटणावर चिकटपट्टी लावून त्यावर मराठीत लिहिले आहे, 'काम झालं? मग बंद कर.' तिथले मेकॅनिक ते वाचायचा प्रयत्न करतात म्हणे. बाबा दर रविवारी ताईला फोन करतात. नातवंडांची, हवेची, जावयांच्या पाठदुखीची चौकशी होते. ताई फोन ठेवणार, एवढ्यात ते हमखास विचारतात, "आणि व्होल्ट किती आहेत गं?"

ती गाडी अंगणात उभी असली तरी ताई बाहेर जाऊन बघून येते आणि आकडा सांगते. बाबा तो वहीत लिहून ठेवतात.